भांड्यावरचे नाव

आमच्या लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर सासरेबुवांनी नाव घालून घेतले होते. शेजारी कार्य निघाले, की आमची पातेली तिकडे जातात आणि शंभर भांड्यांच्या ढिगातून नेमकी घरी परत येतात. ही सारी पुण्याई त्या नावाची! पण संगणकाच्या पोटातही असेच एक नाव घातलेले असते, हे आम्हांला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.

झाले असे, की आमचा संगणक विजेच्या धक्क्याने आजारी पडला. दुरुस्तीवाल्याने आतली कसलीशी चिप बदलून तो परत दिला. संगणक सुरू झाला, पण इंटरनेट बंद! केबलवाल्याचा मुलगा आला, म्हणाला, “काका, तुमचा मॅक नंबर बदललाय. आमच्याकडे नोंदलेला वेगळा आहे.” त्याने नवा नंबर नोंदवला, गाडी सुरळीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठप्प! असे तीनदा झाले. भाऊबीज तोंडावर आलेली. परदेशातली लेक पडद्यावरून भावाला ओवाळणार, म्हणून सौ. आठ दिवस आधीपासून बेत करीत होत्या. अखेर आमचा इंजिनियर भाचा धावून आला.

“मामा, तुमच्या भांड्यावरचे नावच पुसले गेले आहे,” तो म्हणाला. आणि मग त्याने जे सांगितले, ते वाचकहो, आमच्या शब्दांत ऐका.

बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी 1973 साली पालो आल्टो येथे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना साकारली, तेव्हा पत्त्याला 8 बिट पुरत असत. 1980 च्या नियमावलीत ते 48 झाले. म्हणजे सुमारे 281 लाख कोटी नावांची सोय! त्यातला पहिला अर्धा भाग म्हणजे आडनाव. ते आय. ट्रिपल ई. ही संस्था कारखान्याला देते. दुसरा अर्धा भाग म्हणजे कारखान्याने घातलेला अनुक्रमांक.

हे नाव एका चिमुकल्या स्मृति-चिपेत कोरलेले असते. वीज गेली तरी ते जात नाही. 93सी46 नावाच्या अशा एका चिपेत अवघी 128 अक्षरे मावतात. संगणक सुरू झाला, की ‘ड्रायव्हर’ नावाचा कारभारी पहिले काम करतो ते नाव वाचण्याचे. काही कार्डांत तो एकेक बिट मोजून बाहेर काढतो. काहींत कार्डच ते आपल्या दर्शनी खणात मांडून ठेवते. जुन्या एनई2000 कार्डात तर प्रत्येक अक्षर दोनदा येई. कारभाऱ्याने एक घ्यायचे, एक सोडायचे. पुढे दोन ‘डब्ल्यू’ दिसले, की खात्री पटे, कार्ड त्याच जातीचे!

आमच्या नव्या चिपेत मात्र कोणी काही लिहिलेच नव्हते. लिनक्सचा कारभारी कोरे नाव चालवून घेत नाही. तो मनानेच एक नाव ठेवतो आणि ‘हे घरगुती आहे’ अशी खूण त्यातल्या एका बिटावर करतो. दर वेळी संगणक सुरू केला, की नवे बारसे! केबलवाला बिचारा कितींदा नोंदणार?

“कोरलेले नाव कारभाऱ्याच्याच हातून बिघडले तर?” आम्ही विचारले.

“तेही झाले आहे,” भाचा म्हणाला. 2008 साली लिनक्स 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलच्या काही नेटवर्क-चिपांची स्मृतीच बिघडली. कार्डे निकामी होऊ लागली. आळ आला ड्रायव्हरवर. खरा दोष निघाला भलत्याच भागात, कामकाजावर नजर ठेवणाऱ्या एका सोयीत. तिने चुकीच्या जागी लिहिले होते. तेव्हापासून त्या ड्रायव्हरने स्मृतीला कुलूप घातले.

“मग फोन का मुद्दाम खोटे नाव सांगतात?” चिरंजीवांनी मध्येच विचारले. तर म्हणे, खरे नाव सर्वत्र सांगत हिंडले, की कोणीही मागोवा घेऊ शकतो. म्हणून 2019 पासून अँड्रॉइड आणि 2020 पासून आयफोन नवनव्या जाळ्यात टोपणनावाने वावरू लागले.

आमचा मूळ नंबर संगणकाच्या पोटातल्या पाटीवर, एका चिकटपट्टीवर छापलेला सापडला. भाच्याने तो संगणकाला दर वेळी सुरू होताना घ्यायला शिकवले. “मामा, हे खडूने लिहिल्यासारखे आहे हं, कोरल्यासारखे नाही. संगणक नव्याने भरलात, तर पुन्हा सांगावे लागेल. तो कागद जपून ठेवा.”

भाऊबीजेला लेकीने पडद्यातून ओवाळले. सौ. डोळे पुसत उठल्या आणि कपाटातून धनत्रयोदशीला आणलेला स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

“उद्या आधी यावर नाव घालून आणा,” त्या म्हणाल्या, “आणि खडूने नको!”