डांसांची शिरगणती

मागच्या श्रावणांत एका रविवारीं सकाळीं मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. एवढ्यांत चार मुलें अंगणांत आलीं. त्यांतली एक आमची नात. बाकीचीं तिघें तिच्याच आठवीच्या वर्गांतलीं. एकाच्या हातांत विजेरी, दुसऱ्याच्या हातांत पांढरें ओगराळें, तिसरीच्या हातांत जाड पुठ्ठ्याची वही. नात पुढें झाली आणि परक्या घरीं आल्यासारखा नमस्कार करून म्हणाली, "आम्ही शाळेकडून डांसांची पाहणी करीत आहोंत. आपल्या घरांतलीं पाण्याचीं भांडीं पाहूं का?" मला हसूं आलें, पण तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. म्हणून मीहि गंभीरपणें "अवश्य पाहा" म्हणालों आणि त्यांच्या मागोमाग निघालों.

कामाची वांटणी त्यांनीं नीट केली होती. एकानें उजेड दाखवावयाचा, एकानें पाणी काढून पाहावयाचें, एकीनें लिहावयाचें, आणि घरच्या माणसांशीं बोलावयाचें काम नातीकडे. एकाला अळी दिसली तरी दुसऱ्यानें डोळ्यांनीं पाहून होकार दिल्याखेरीज ती वहींत चढावयाची नाहीं, असा नियम. छत्तीस वर्षें मीं शाळेंत शिकविलें. शेजाऱ्याच्या वहींत डोकावल्याबद्दल किती मुलांना मीं बाकावर उभें केलें असेल, याची गणती नाहीं. येथें मात्र दुसऱ्याचें पाहून घेणें हाच कामाचा पाया होता; कारण चूक एकाच्या डोळ्यांना जितकी सहज होते तितकी दोघांच्या डोळ्यांना होत नाहीं.

ओगराळें धरणारा मुलगा माझ्याकडे संस्कृत शिकावयास येतो. शब्दरूपें अद्याप त्याला धड येत नाहींत, आणि त्याबद्दल तो माझीं बोलणींहि खातो. पण त्या दिवशीं गुरु तो होता. हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफेलीस डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं आडवी पडून राहते. डेंग्यूच्या एडीसची आणि गटारांतल्या क्यूलेक्सची अळी डोकें खालीं करून तिरकी लोंबते. चावते ती केवळ मादी. आणि अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, असें तो चालतां चालतां सांगत होता. सुश्रुताच्या कल्पस्थानांत मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे पांच प्रकार सांगितले आहेत. तीं नांवें मला तरुणपणापासून पाठ. परंतु आमच्या घरचा मशक कोठें जन्मतो, हें पाहण्यास मी कधीं वाकलों नव्हतों.

फ्रिजच्या मागचें ताट, कूलरची टाकी, खिडकींतल्या वेलाची बाटली, सर्व कांहीं स्वच्छ निघालें. सूनबाईंच्या दक्षतेचा मला अभिमान वाटला. मग मुलें परसांत गेलीं.

परसांत प्राजक्ताखालीं एक दगडी डोणी आहे. चिमण्या-बुलबुलांना पाणी मिळावें म्हणून आमच्या कुटुंबानें ती तेथें मांडली होती. तिला जाऊन सहा वर्षें झालीं. घरांत आम्ही लहानमोठीं अकरा माणसें. येतां-जातां जो तो त्या डोणींत पाणी घालतो. माझा तर रोज सकाळचा एक तांब्या ठरलेला. तोच माझा नित्यनेम, असें म्हटलें तरी चालेल.

मुलानें डोणींत ओगराळें बुडवून वर काढलें. पांढऱ्या तळावर काळसर, सुतासारख्या अळ्या वळवळत होत्या. दुसऱ्यानें विजेरी जवळ धरून पाहिलें आणि मान हलविली. लिहिणाऱ्या मुलीचा हात थांबला. तिनें माझ्या नातीकडे पाहिलें, नातीनें माझ्याकडे.

त्या क्षणीं मीं जें केलें तें सांगावयास लाज वाटते, तरी सांगतों. मीं म्हटलें, "थांबा. आधीं आपण ही डोणी घासून टाकूं. मग पुन्हा पाहा, आणि काय दिसेल तें लिहा." शब्द खोटा नव्हता, पण हेतु शुद्ध नव्हता. तेव्हां तो शब्दरूपें चुकणारा मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, मग जें सांपडलें तें कुठें लिहायचें?"

नातीनें वही आपल्याकडे घेतली आणि आमच्या घराची नोंद स्वतःच्या हातानें केली. नंतर वहींतला पुढचा प्रश्न तिनें मला विचारला, "ही शेवटची कधीं घासली होती?" मला उत्तर देतां येईना. सूनबाईंना वाटे, कामाच्या बाई घासतात. बाईंना वाटे, ती डोणी आजोबांची, तिला हात कसा लावावा? मला वाटे, घरांत एवढीं माणसें आहेत, कोणी तरी घासतच असेल. पाणी घालणारे अकरा आणि उपसणारा एकहि नाहीं! एकत्र कुटुंबाचें सुख आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याचा हा दोषहि ठाऊक असावा. सर्वांची म्हणून जी वस्तु असते, ती पाहतां पाहतां कोणाचीच राहत नाहीं.

एवढ्यावर हें भागलें असतें तर मीं हा लेख लिहिला नसता. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्यापासून तिसऱ्या घरांतला एक मुलगा डेंग्यूनें आजारी पडून आठ दिवस रुग्णालयांत होता. त्या वेळीं आळींतल्या गटाराविरुद्ध अर्ज मींच लिहिला होता, आणि त्यांतली भाषा चांगली कडक होती. आतां कळलें कीं, डेंग्यूच्या डांसाला गटाराच्या घाण पाण्यापेक्षां घरोघरचें सांठविलेलें स्वच्छ पाणी आवडतें. तो चावतो बहुधा दिवसा, आणि जन्मस्थानापासून फार दूर जात नाहीं. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर भांड्याच्या कडेला अंडीं चिकटविते. तीं कोरडीं राहून महिनेच्या महिने टिकतात आणि पाणी चढून भिजलीं कीं फुटतात. म्हणजे माझा रोजचा तांब्या पांखरांच्या आधीं डांसांच्या उपयोगीं पडत होता. त्या मुलाला चावलेला डांस आमच्याच डोणींतला होता, असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. नव्हता, असें मलाहि म्हणतां येणार नाहीं.

पाहिलेल्या शंभर घरांपैकीं किती घरीं अळ्या आढळल्या, यावरून वस्तीचा धोका मोजतात. आजोबांचें घर म्हणून एक नोंद गाळली कीं आंकडा खोटा झाला, आणि त्या आंकड्यावर विसंबून निजणारे सारे शेजारी फसले. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या जठरांत हिवतापाचे जंतु दिसले आणि १९०२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, एवढें आपण पाठ करतों. परंतु हुसेन खान नांवाच्या रोग्यानें डांसामागें एक आणा घेऊन अंगाला डांस चावूं दिले, आणि लंडनहून पॅट्रिक मॅन्सन पत्रांमागून पत्रें लिहून रॉस यांना दिशा दाखवीत राहिले, हें आपण विसरतों. मोठा शोध काय आणि शाळेची पाहणी काय, अनेकांनीं आपापला वांटा प्रामाणिकपणें उचलला तरच ती उभी राहते.

त्याच सायंकाळीं मी त्या तिसऱ्या घरीं गेलों आणि घडलेलें सर्व सांगितलें. मुलाचे वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या गच्चीवरच्या टाकीचें झांकण दोन वर्षें मोडलेलें आहे. मुलें आमच्याकडेहि येऊन गेलीं." आम्ही दोघेहि मग दुसऱ्या विषयावर बोलूं लागलों, पण दुसऱ्या दिवशीं त्यांच्या गच्चीवर नवें झांकण दिसलें.

आमची डोणी जागच्या जागीं आहे. दर रविवारीं ती उपसून, काथ्यानें कडेपर्यंत घासून, उन्हांत वाळवून मग भरतों. स्वयंपाकघराच्या दाराशीं नातीनें एक पाटी टांगली आहे. तीवर कोणता रविवार कोणाचा तें लिहिलें आहे, आणि काम केल्यावर ज्यानें त्यानें पुढें सही करावयाची आहे. पहिलें नांव माझें आहे.

वाचकांस माझें मागणें थोडें आहे. येत्या रविवारीं घरांतल्या मुलांना बरोबर घ्यावें आणि पाण्याचीं सारीं भांडीं पाहावीं. ज्या भांड्यावर आपला विशेष जीव आहे, तें सर्वांच्या आधीं पाहावें. अळ्या सांपडल्या तर मुलांना प्रथम तसें लिहूं द्यावें, आणि मग पाणी ओतावें.