भिंत कोणाच्या उंचीची?

शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात गावोगावच्या शाळांतून ऑइलपेंटचा वास येतो. शाळा व्यवस्थापन समितीने थोडे पैसे काढलेले असतात, थोडी लोकवर्गणी झालेली असते, तालुक्याहून पेंटर आलेला असतो. तो भिंतीवर फळे, भाज्या, प्राणी, वाहने, वार, महिने आणि वरच्या कडेला एक सुविचार रंगवून जातो. खोली देखणी दिसते, प्रवेशोत्सवाचे फोटो चांगले येतात. पहिलीचे मूल त्या भिंतीकडे चार दिवस बघते आणि मग बघेनासे होते.

पेंटरवर आमचा राग नाही. पण मुलांचे शब्द वाढावेत आणि ते चारचौघांत बोलायची भीडही जावी असे वाटत असेल, तर भिंतीवर मुलांनी आणलेले शब्द हवेत, ते मुलांच्या उंचीवर हवेत आणि वर्षभर बदलत राहायला हवेत. ऑइलपेंटने यातले काहीच साधत नाही.

बोलक्या भिंती आपल्याला नव्या नाहीत. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या आगेमागे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर फरशीवर आखलेली घरे आणि चक्रे त्यांनी आपापल्या शाळेत उतरवली. आखणी उतरली, मूल त्या आखणीवर बसून काय करते, शिक्षक कधी बोलतो आणि कधी मुद्दाम गप्प राहतो, ते पुष्कळ ठिकाणी उतरले नाही. आता २०२१ पासूनचे ‘निपुण भारत’ अभियान मुद्रणसमृद्ध वर्ग मागते आहे. याही वेळी मोजणी तक्त्यांचीच होईल, अशी आम्हाला धास्ती आहे.

इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘वर्ड वॉल’च्या नमुन्यांबद्दलही थोडे सावध राहू या. अमेरिकेत पॅट्रिशिया कनिंगहॅम यांनी ही पद्धत रुळवली ती इंग्रजीची अडचण ओळखून. तिथे नेहमी लागणाऱ्या कितीतरी शब्दांचे स्पेलिंग उच्चाराला धरून नसते, म्हणून असे शब्द अक्षरक्रमाने भिंतीवर लावायचे आणि रोज घोकायचे, लिहायचे. मराठीत ही अडचण मुख्यतः जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची. आपली अडचण वेगळी आहे. तिसरीतले मूल ‘उत्सुक’ हा शब्द खणखणीत वाचते आणि उत्सुक म्हणजे काय हे त्याला सांगता येत नाही. तेव्हा मराठी शब्दभिंत अक्षरक्रमाने लावण्यात फारसा अर्थ नाही. ती अर्थाच्या गोतावळ्याने लावावी.

हा गोतावळा कसा असतो ते पाहा. आपले जवळजवळ सगळे तक्ते नामांचे आहेत, कारण नामाचे चित्र काढता येते. क्रियापदे भिंतीवर येतच नाहीत. आता ‘कापणे’ हा एक शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, घरी-शेतात काय काय कापतात आणि त्याला काय म्हणतात. भाजी चिरतात, मेथी निसतात, शेंगा सोलतात, ऊस तोडतात, बाजरी सोंगतात, कणसे खुडतात, द्राक्षबाग छाटतात, भुईमूग मात्र उपटतात. दहा मिनिटांत फळा भरतो. दोन-चार शब्द असे निघतात की शहरातून आलेल्या गुरुजींनाही ठाऊक नसतात, आणि ते सांगणारे मूल बहुधा वाचनात मागे पडलेलेच असते. त्या दिवशी वर्गाला शब्द त्याने दिलेला असतो. तो शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून भिंतीवर लावा आणि पट्टीच्या कोपऱ्यात त्याचे नाव लिहा. मग खेळ घ्या: एकाने पट्टी उचलायची, दुसऱ्याने कृती करायची, तिसऱ्याने वाक्य बोलायचे. ‘आईने ऊस चिरला’ असे मुद्दाम चुकीचे वाक्य गुरुजींनी म्हणावे, अख्खा वर्ग हसत दुरुस्त करतो. तिसरी-चौथीला असाच गोतावळा ‘वाईट वाटणे’चा करता येईल: रुसणे, हिरमुसणे, ओशाळणे, खट्टू होणे. निबंधातली ‘मला खूप वाईट वाटले’ची साथ त्याने बरीच आटोक्यात येईल.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ च्या ‘टीचर’ या पुस्तकात आपली रीत सांगितली आहे. त्या मुलाला रोज विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याच्या हाती देत. दुसऱ्या दिवशी मुलाने तो ओळखला तर तो त्याचा. ओळखला नाही तर मुलाला दोष न देता ते कार्डच बाद करत. शब्द मुलाच्या आतून आलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या भिंतीवरची पट्टी उतरवतानाही हीच कसोटी लावावी.

घरच्या भाषेचा प्रश्न इथेच येतो. गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलाचे ‘येर’ आणि मेळघाटातल्या कोरकू मुलाचे ‘डा’ यांना ‘पाणी’ने खोडू नका, शेजारी-शेजारी लावा, दोन्ही देवनागरीत. बीडकडची ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्यांच्या भागात जातात. ती ज्या शाळेत बसतात तिथे त्यांच्याकडून फड, मोळी, पाचट, वाढे, कोपी हे शब्द घ्या. दोन-चार महिन्यांसाठी आलेले मूल शेवटच्या रांगेत मुके बसते. भिंतीवर त्याच्या नावाची पट्टी असली की निदान हजेरीपुरते तरी ते त्या वर्गाचे होते. शुद्धलेखनाबाबत मात्र आम्ही जुन्या वळणाचे आहोत. वहीत मूल काहीही लिहू दे, भिंतीवरची पट्टी गुरुजींनी मुलासमोर, बोलत बोलत, नीट अक्षरात लिहावी.

भिंत भरून टाकण्याच्या हौसेवर एक संशोधन आठवते. २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या २४ मुलांना विज्ञानाचे काही पाठ दिले, काही सजवलेल्या खोलीत, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर होते, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. शिकणेही मोकळ्या खोलीत अधिक झाले. तिथली सजावट पाठाशी संबंध नसलेली होती, हे ध्यानात घ्यायला हवे. त्यामुळे शब्दभिंतीवर फुली मारायचे कारण नाही. फळ्याच्या आजूबाजूची जागा मोकळी ठेवायचे मात्र आहे.

खर्चाचे म्हणाल तर तो नाहीच. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, जुन्या कॅलेंडरची पाठ, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे एवढे पुरे. कोकणात पावसाळ्यात भिंतीला ओल येते, चिकटवलेले काही टिकत नाही. तिथे सुतळीला पर्याय नाही. पहिलीचे मूल साधारण साडेतीन फुटांचे, तेव्हा सुतळी जमिनीपासून तीन फुटांवर बांधा, साडेपाचावर नको. आठवड्याला पाच शब्द, परिपाठानंतर दहा मिनिटे. दोनशिक्षकी शाळेतही हे जमते, कारण पहिलीच्या पट्ट्या कापायला आणि टांगायला चौथीची मुले आनंदाने मदत करतात. उतरवलेल्या पट्ट्या पाकिटात घालून वाचनकोपऱ्यात ठेवा. वर्षाचे दीडशेच्या वर शब्द होतात.

केंद्रप्रमुखांना एक विनंती. शाळाभेटीत तक्ते मोजू नका. भिंतीवरचा कोणताही एक शब्द दाखवून एखाद्या मुलाला विचारा, हा कोणी आणला आणि तू तो कुठे वापरलास. आणि शिक्षकांनो, सप्टेंबरच्या अंकात आम्ही दोन पाने तुमच्या शब्दभिंतींसाठी राखून ठेवली आहेत. रंगवलेल्या खोलीचे फोटो नकोत. मुलांकडून आलेल्या शब्दांची यादी पाठवा; पट्टीवरचे नाव वगळून, गाव आणि इयत्ता लिहून.