सर्व्हर बदलला, दोष माझा?

आमच्या संस्थेचा ईमेल नव्या सर्व्हरवर गेला आणि माझ्या फोनवर मेल येणंच थांबलं. ‘सर, पासवर्ड चुकवला असेल,’ ऑफिसचं उत्तर. मीही आठवडाभर स्वतःलाच दोष देत राहिलो. त्यातच एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्ती अर्जातली त्रुटी कळवणारा मेल अडकला. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलं, तर तो तिथे होता. म्हणजे पासवर्ड बरोबर. फोनमध्ये सर्व्हरचं नाव जुनंच होतं. नवं नाव, येणाऱ्या मेलसाठी आयमॅप पोर्ट 993, जाणाऱ्यासाठी एसएमटीपी पोर्ट 587, एवढंच भरायचं होतं. मुदत दोन दिवसांवर असताना अर्ज दुरुस्त झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण या चार ओळी मराठीत आणि उर्दूत आधीच का नाही दिल्या? न शिकवलेल्या धड्यावर आम्ही मुलांना नापास करत नाही.