भेटीवरचं स्टिकर

पेपरात अधूनमधून एक बातमी येते. अमुक नटाने तमुक नटीला वाढदिवसाला पेंटिंग भेट दिलं, किंमत इतके इतके कोटी. बातमीत मोठा फोटो असतो तो देणाऱ्याचा आणि घेणारीचा. चित्राचा फोटो असलाच तर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. ते चित्र कशाचं आहे, कोणी काढलं, कधी काढलं हे शोधायला भिंग घेऊन बसावं लागतं. किंमत मात्र थेट हेडिंगमध्ये!

आपल्या कॅन्टीनमध्ये या बातमीवर दोनच प्रकारचे लोक बोलतात. पहिला म्हणतो, "पैशाचा माज आहे रे, दुसरं काय? एवढ्या पैशांत किती शाळा बांधून झाल्या असत्या!" दुसरा कॅटच्या क्लासला जाणारा असतो. तो कटिंगचा घोट घेऊन म्हणतो, "बॉस, ती इन्व्हेस्टमेंट आहे. दहा वर्षांनी बघ किती होतात." दोघं तावातावाने भांडतात, पण गंमत म्हणजे दोघं बोलतात एकाच गोष्टीबद्दल, पैशाबद्दल. चित्रात काय आहे, हा प्रश्न पहिलाही विचारत नाही आणि दुसराही नाही.

म्हणून मी आधीच सांगून टाकते. श्रीमंतांनी महागडी चित्रं भेट द्यायला माझी काहीही हरकत नाही. सातवी गाडी घेण्यापेक्षा एक चित्र घेतलेलं केव्हाही बरं. माझी हरकत आहे ती स्टिकरला.

आपल्या घरांमध्ये एक साधी रीत आहे. गिफ्ट पॅक करण्याआधी त्यावरचं किमतीचं स्टिकर खरवडून काढायचं. नखाने निघालं नाही तर खोबरेल तेल लावायचं, पण काढायचंच. का? तर घेणाऱ्याने वस्तू बघावी, आकडा बघू नये. (नंतर आपणच लग्नाच्या हॉलमध्ये आहेराच्या वहीत नावापुढे आकडे मांडतो ते सोडा. तेवढा ढोंगीपणा आपल्यातही आहेच.) सेलिब्रिटींच्या भेटीत मात्र उलटं होतं. तिथे स्टिकर हीच भेट असते आणि वस्तू नुसती त्याला चिकटलेली असते.

स्टिकर लागलं की चित्राचं काय होतं त्याचा एक नमुना बघा. जानेवारी १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात. कॅसाब्लांकाची परिषद आटोपल्यावर चर्चिलने रूझवेल्टला आग्रहाने मोरोक्कोतल्या माराकेशला नेलं. कशासाठी? तर ॲटलस पर्वतावरचा सूर्यास्त दाखवायला. रूझवेल्ट परत गेल्यावर चर्चिलने तो देखावा रंगवला आणि त्याला भेट म्हणून दिला. सबंध युद्धाच्या काळात त्याने काढलेलं हे एकमेव चित्र मानतात. या भेटीत किंमत कुठे आहे? 'आपण दोघांनी मिळून हे पाहिलं होतं', एवढंच त्या चित्राचं म्हणणं. पुढे रूझवेल्टच्या मुलाने ते विकलं, मग ते हातोहाती फिरलं आणि २०११ साली ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली यांच्या घरी आलं. पिटने जोलीला दिलेली भेट म्हणूनच ते गाजलं. पुढे दोघं वेगळे झाले आणि मार्च २०२१ मध्ये लंडनला लिलावात ते सुमारे ८३ लाख पौंडांना गेलं, म्हणजे आपले ऐंशी कोटींच्या वर. चित्र तेच, सूर्यास्त तोच, भेटही दोनदा झाली. पण पहिल्या भेटीची गोष्ट सांगताना आपण सूर्यास्ताबद्दल बोलतो आणि दुसरीची सांगताना पौंडांबद्दल!

साहेबांचं राहू दे, आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या माणसाचं बोलू. मकबूल फिदा हुसेन. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरणारा हा चित्रकार. १९५४ साली त्याने 'ग्राम यात्रा' नावाचं जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र रंगवलं, त्यात खेड्यातल्या जगण्याचे तेरा तुकडे आहेत. दिल्लीत कामासाठी आलेल्या लिऑन वोलोडार्स्की नावाच्या एका डॉक्टरने ते १४०० रुपयांना विकत घेतलं आणि नॉर्वेला नेलं. तेव्हा हुसेनची चित्रं घेणं म्हणजे काही इन्व्हेस्टमेंट नव्हती. आवडलं, घेतलं. १९६४ मध्ये ते चित्र ओस्लोच्या रुग्णालयाला मिळालं आणि तिथल्या एका कॉरिडॉरच्या भिंतीवर कित्येक दशकं लटकत राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर किंमत आली, सुमारे ११८ कोटी रुपये. आणि हे पैसे कशासाठी? तर त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी.

आता कॅन्टीनमधल्या पहिल्या मित्राला उत्तर द्यायला हरकत नाही. बाबा रे, चित्रावर खर्च केलेले पैसे जळत नाहीत, ते फक्त हात बदलतात. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या हातात जातात. वोलोडार्स्कीने आपली आवडती वस्तू सगळ्यांसाठी ठेवली, म्हणून ते डॉक्टर घडवायला गेले. दरवेळी असं होत नाही.

आता दुसऱ्या, इन्व्हेस्टमेंटवाल्या मित्राची पाळी. वासुदेव गायतोंडे हे नाव ऐकलंय? नागपूरला जन्म, १९४८ चे जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे डिप्लोमाधारक. दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या छोट्या जागेत राहायचे, अगदी साधे, एकटे, वर्षाला मोजकीच चित्रं काढायचे. २००१ साली गेले. त्यानंतरचा ग्राफ बघा. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख आले. २०१९ मध्ये नीरव मोदीच्या संग्रहातली चित्रं इन्कम टॅक्स खात्यासाठी लिलावात काढली गेली, त्यातलं गायतोंड्यांचं चित्र २५ कोटी २४ लाखांना गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना. बँका बुडवल्याचा आरोप असलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या यादीत एका अबोल चित्रकाराचं नाव यावं, यापेक्षा स्टिकरचा विजय तो कोणता?

या सगळ्या कोट्यांमधून गायतोंड्यांना काय मिळालं? शून्य. ते हयात नव्हते हे खरं, पण हयात चित्रकारालाही फारसं वेगळं काही मिळत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ५३-अ हे कलम आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ते म्हणतं. किती जणांना हे माहीत आहे? तीस वर्षं उलटून गेली तरी हा हक्क बहुतेक कागदावरच आहे. म्हणजे चित्र एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात भेट म्हणून जातं, तिथून लिलावात, लिलावातून तिसऱ्या बंगल्यात, आणि ज्याने ते काढलं तो सुरुवातीच्या हजार-दोन हजारांवरच थांबलेला. बॉस, इन्व्हेस्टमेंट आहे खरी, पण कोणाची?

मग श्रीमंतांनी करावं तरी काय? उदाहरण शोधायला लांब जायला नको, आणि तो माणूस आपल्याच बिरादरीतला आहे. होमी भाभा. हो, अणुऊर्जावाले. केंब्रिजला त्यांनी आधी मेकॅनिकल केलं होतं (मेकवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!). ते स्वतः चित्रं काढायचे. कुलाब्याला टीआयएफआरची इमारत उभी राहिली तेव्हा त्यांनी बजेटमधला एक टक्का चित्रांसाठी मंजूर करून घेतला आणि हुसेन, गायतोंडे, आरा अशा तेव्हा तरुण असलेल्या चित्रकारांची कामं विकत घेतली. तिथल्या भिंतीवरचं हुसेनचं भलंमोठं म्यूरल आजही गाजतं. भाभांनी ही चित्रं कोणाच्या बेडरूममध्ये पाठवली नाहीत. फिजिक्सवाले आणि गणितवाले चहाला जाता-येता ज्या भिंतींवरून नजर टाकतात तिथे ती लावली. त्याच प्रकारची दुसरी भेट पुण्यात आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दारं-खिडक्या गोळा केल्या, त्या संग्रहाला आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सगळा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. मुलाच्या आठवणीची यापेक्षा मोठी भेट कुठल्या नटाने कुठल्या नटीला दिली असेल तर मला दाखवा.

आता जरा आपल्या गल्लीत येऊ, कारण सेलिब्रिटींना नावं ठेवणं सोपं असतं. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी हे सगळं आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या वारली घरात लग्न असलं की सवाशिणी भिंत सारवून, गेरूने रंगवून, तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न नाही. म्हणजे लग्नातलं चित्र आपल्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या होतंच, फक्त ते विकता येत नव्हतं. त्याला स्टिकर लावायचं कुठे, अख्खी भिंत उचलून न्यावी लागली असती! १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आणि आपण डोंबिवलीच्या रिसेप्शनला काय नेतो? मशीनवर छापलेली 'वारली' फ्रेम, ज्याच्यामागे कुठल्याही वारल्याचा हात नाही. मागचं स्टिकर मात्र आपण इमानदारीत खरवडतो.

तीच गोष्ट भाऊ साठ्यांची. गेटवेला जाऊन आपण सगळ्यांनी घोड्यावरच्या शिवरायांसमोर फोटो काढलेत. तो पुतळा १९६१ चा, आणि तो घडवणारे सदाशिव तथा भाऊ साठे कल्याणचे! दिल्लीच्या टाऊन हॉलसमोरचे गांधीजीही त्यांचेच. डोंबिवली एमआयडीसीत त्यांच्या कामाचं शिल्पालय उभं राहिलं. २०२१ मध्ये भाऊ गेले. आपल्या वर्गात हात वर करायला सांगितले, तर शिल्पालय पाहिलेले किती निघतील? मला वाटतं, एका बाकावर मावतील. गडकरी रंगायतनला, अत्रे रंगमंदिरला आपण रांगा लावून तिकीट काढतो, फडके रोडवर दिवाळी पहाटेला पाय ठेवायला जागा नसते. आपल्या गावांना कलेचं वावडं नाही. पण चित्र-शिल्प म्हटलं की ते मोठ्यांचं काम, आपण फक्त किंमत वाचून "बाप रे!" म्हणायचं, असं आपण ठरवूनच टाकलंय.

आणि हे आपण बदलू शकतो, उद्यापासून. हिशेब करा. दरवर्षी फेअरवेलला आपण डोकी पन्नास रुपये काढतो. साठ जणांचे झाले तीन हजार. त्यातून सरांना येतं काचेचं घड्याळ नाहीतर सोनेरी मोमेंटो, जो सरांच्या कपाटात आधीच्या नऊ मोमेंटोंशेजारी जाऊन बसतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आपल्याच डब्यात जे.जे.ची मुलं असतात. आपल्या खांद्याला ड्राफ्टर आणि शीटचा कंटेनर, त्यांच्या खांद्याला पोर्टफोलिओ. सीट एकच, चौथ्या सीटवरची मारामारी एकच. त्यांच्यातल्या कोणाकडे ठाणा-कळव्याच्या खाडीचं, कल्याणच्या किल्ल्याजवळच्या होड्यांचं एखादं ड्रॉइंग, एखादी प्रिंट तीन हजारांत नक्की मिळेल. ते आधी आपण सगळ्यांनी नीट बघायचं. आवडलं तरच घ्यायचं. मागे चित्रकाराचं नाव आणि तारीख लिहून घ्यायची. आणि सरांच्या घरी नाही, डिपार्टमेंटच्या भिंतीवर सरांच्या नावाने लावायचं. पुढच्या बॅचची पोरं व्हायवाला उभी असताना निदान नोटिस बोर्डाऐवजी त्याच्याकडे बघतील!

यात चित्रकाराला त्याच्या हयातीत, त्याच्या हातात पैसे मिळतात. सरांना भेट मिळते. भिंतीला चित्र मिळतं. आणि आपल्याला, देणाऱ्यांना, साठ जणांनी मिळून एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहून वाद घालायची सवय लागते. कोणी म्हणेल होडी वाकडी आहे, कोणी म्हणेल पाणी बरोबर जमलंय. भांडा की! हे भांडण निदान चित्राबद्दल असेल.

बड्या लोकांना माझा सल्ला कोण विचारतोय? तरी सांगून ठेवते. द्या, जरूर द्या. बायकोला द्या, मैत्रिणीला द्या, जावयाला द्या. फक्त देण्याआधी चित्रकाराचं नाव सांगा, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोचवा आणि वर्षातून एक महिना तरी ते चित्र अशा भिंतीवर लावा जिथे आम्हाला पासावर, सेकंड क्लासने येता येईल. आकडा नाही सांगितलात तरी चालेल. तेवढं खोबरेल तेल तुमच्या घरी असेलच.