मुळांवरच्या गाठी

आपल्या परभणी जिल्ह्यात खरीप म्हटला की घरोघरी सोयाबीनचीच चर्चा. पेरणीनंतर दीड महिन्याने, जमीन ओली असताना, एक झाड मातीसकट अलगद खणा आणि मुळे पाण्यात धुऊन मुलांना दाखवा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. आम्ही वर्गात दाखवतो तेव्हा मुले म्हणतात, कीड लागली. त्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू तो पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाड त्यांना अन्न देते. मग एखाद्याने नुसते खाल्ले आणि काम केले नाही तर? टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी 2003 साली हेच सोयाबीनवर तपासले. काही गाठींभोवतीच्या हवेतून नत्र काढून टाकला. काम बंद पडलेल्या त्या गाठींत जिवाणू कमी वाढले. झाडाने त्यांचा प्राणवायूच आखडता घेतल्याची चिन्हे दिसली. म्हणजे मेहनत करील त्यालाच हिस्सा.

ॲनाबीना नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळात सहकार्य याही पुढे गेले आहे. हेही जिवाणूच, पण पेशींची माळ करून राहतात. नत्र कमी पडला की साधारण दर दहा-पंधरा पेशींमागे एक पेशी जाड कवच घेते आणि नत्र पकडू लागते. या कामाला प्राणवायू बाधतो, म्हणून ती प्राणवायू तयार करणे सोडते. तिचे विभाजनही कायमचे थांबते. शेजारणी तिला खाऊ घालतात, ती त्यांना नत्र देते. तिला स्वतःची लेकरे होत नाहीत, पण साऱ्या जणी एकाच पेशीच्या वंशातल्या. त्या वाढल्या की तिचाही वंश वाढतो. सुट्या पेशींपासून एक शरीर घडण्याची वाट अशीच असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

आता घरच्या हिशोबाचे. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पुढच्या पेरणीला दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम सोयाबीनचेच रायझोबियम लावा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. पाकीट उन्हात ठेवू नका, आत जीव आहेत. आणि सुरुवातीलाच युरियाचा मारा करू नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरते, आणि खताचा खर्च मात्र आपल्याच खिशातून जातो.