इसबावर बिब्बा लावू नका

इसब झालं की बिब्बा लावा, रुईचा चीक लावा असं सांगणारं कुणी ना कुणी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव भेटतं. हात जोडून सांगते, हे करू नका. बिब्ब्याचं तेल निरोगी कातडीवरही फोड आणतं. इसबात तर कातडी आधीच चिरलेली असते. लेकराच्या कोपरा-गुडघ्याच्या घडीत बिब्बा लावणं म्हणजे जखमेवर निखारा ठेवणं.

झाडपाला कधी बाधत नाही, असं निदान शेतात राबणाऱ्यांनी तरी मानू नये. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेलं गाजरगवत आज आपल्या धुऱ्याधुऱ्यावर आहे. त्याचे वाळलेले कण वाऱ्यावर उडतात आणि चेहरा, पापण्या, मानेवर इसब उठवतात. निंदणाला जाणाऱ्या कितीतरी बाया खाजवत दिवस काढतात, कारण मात्र कुणी विचारत नाही. हे गवत फुलावर येण्याआधीच उपटा, तेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

साधं शुद्ध खोबरेल मात्र जरूर वापरा. फिलिपाइन्समध्ये इसब झालेल्या मुलांवरच्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतानाच तेल. थंडीत दोनदा लावा.

कातडीवर जिवाणूंची वस्ती असते. इसबात त्यातला स्टॅफिलोकोकस ऑरियस माजतो. म्हणून अमेरिकेत निरोगी माणसाच्या कातडीवरचे जिवाणू रुग्णांवर फवारून पाहिले. २०१८ साली आशा दिसली, पण २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत ते औषध टिकलं नाही. संशोधन चालू राहो; तोवर ‘चांगल्या जिवाणूंच्या’ महागड्या क्रीमवर कापसाचे पैसे घालू नका.

दुकानातून मनाने ट्यूबही आणू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि दुखणं इसब नसून गजकर्ण असेल तर ते आणखी पसरतं. डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टिरॉइड मात्र इसबाचं खरं औषध आहे, त्याला भिऊ नका. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाला दाखवा. जाताना आजवर लावलेली ट्यूब, तेल, पाला सगळं पिशवीत घालून न्या आणि न लाजता दाखवा.