दहिसर नदीच्या काठाने

दहिसर नदी तुळशी तलावापाशी उगम पावते आणि जेमतेम १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. एवढ्याशा वाटेवर आणि तिच्या आसपास बौद्ध लेणी, आदिवासी पाडे, शैव लेणे, पोर्तुगीज काळातल्या चर्चचे भग्नावशेष, जुनी गावठाणे आणि समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ दाटीवाटीने नांदत आहेत. अहमदाबादने साबरमतीचा काठ बांधून काढला, पॅरिसमध्ये सीनच्या दोन्ही तीरांवर संग्रहालयांची रांग आहे. मुंबईच्या उपनगरांत असा पट्टा कोणी आखला नाही. तो पाण्याच्या ओढीने आपोआप घडला. त्यामुळे त्याला नाव नाही, नकाशा नाही, आणि बोरिवलीत जन्म काढलेली माणसेही त्यातली ठिकाणे रिक्षाने, सुटी सुटी पाहून परततात. पायी हिंडल्याशिवाय ती एकमेकांत गुंफलेली दिसत नाहीत.

चालण्याची सोयीची दिशा वरून खाली, म्हणजे पाण्याचीच. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवली पूर्वेकडील दरवाज्यापासून कान्हेरीची बौद्ध लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाच्या बसने वर जावे आणि उतरताना चालावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे विसरून दारावरून परतणारे दर आठवड्याला दिसतात. तुळशी तलाव १८७९ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधून पूर्ण झाला. तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही, म्हणून नदीकाठची ही भटकंती उगमापाशी नव्हे तर कान्हेरीलाच सुरू करावी लागते.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास काम सुरू झाले आणि हजारएक वर्षे चालू राहिले. सोपारा आणि कल्याण ही त्या काळची मोठी व्यापारी ठाणी इथून एका-दोन दिवसांच्या चालीवर होती. दानलेखांमध्ये कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या माणसांची नावे येतात. सावकार, सोनार, भिक्षू, भिक्षुणी असे सगळ्या थरांतले दाते त्यात आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. त्या चैत्यानंतर दोन-तीन शतकांनी कोरल्या गेल्या. बहुतेक सहली इथेच फोटो काढून माघारी फिरतात.

कान्हेरीचे खरे वैभव मात्र मूर्तींपेक्षा पाण्याच्या व्यवस्थेत आहे. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी एका अंगाला पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके आहे. तोंड चौकोनी आणि लहान, आत मात्र पोकळी ऐसपैस. लेण्याच्या माथ्यावर कातळात बोटभर खोल पन्हळी खोदलेल्या दिसतात. पावसाचे पाणी त्यांतून वाहत येऊन टाक्यात पडावे अशी त्यांना उतरण दिली आहे. टाक्याच्या काठाशी गुडघे टेकून वाकले की आतला गारवा चेहऱ्याला लागतो. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठी राखण्याची ही तजवीज होती. दान म्हणून नुसती पोढी खोदून देणारे लोकही लेखांत सापडतात. अकराव्या क्रमांकाच्या दरबार लेण्यात दोन लांबलचक बुटके दगडी ओटे आहेत. शंभरेक भिक्षूंची पंगत वा पाठ तिथे सहज होत असावा. इथला इ. स. ८५३ चा एक लेख गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या भक्ताच्या दानाची नोंद करतो. नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीत नावे आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपण येऊन गेल्याची ही खूण ठेवली. आज भिंतीवर नाव कोरणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. हजार वर्षांपूर्वीच्या त्याच खोडीवर आज अभ्यासकांचे लेख निघतात.

कान्हेरीहून उतरणारा रस्ता साग, बांबू आणि पळसाच्या सोबतीने खाली येतो. पावसाळ्यात बाजूच्या प्रत्येक घळीला ओढा फुटतो. या पाण्यात उतरू नये, अशा पाट्या जागोजाग आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांकडे काणाडोळा करणारेही आहेत. वाटेत उद्यानाच्या हद्दीतच नवापाड्यासारखे वारल्यांचे पाडे लागतात. उद्यान व्हायच्या आधीपासून ही वस्ती इथे आहे. तरी उद्यानाच्या माहितीफलकांवर बिबट्याला जेवढी जागा मिळते तेवढी तिला मिळत नाही. खालच्या अंगाला नदी अडवून केलेले नौकाविहाराचे तळे, गांधी टेकडी आणि वनराणी ही झुकझुकगाडी येते. तिथून उद्यानाचा दरवाजा हाकेच्या अंतरावर आहे.

दरवाज्याबाहेर चालणाऱ्याची पंचाईत सुरू होते. नदी द्रुतगती महामार्गाखालून पश्चिमेला जाते, श्रीकृष्ण नगर, दौलत नगर ओलांडते आणि रेल्वे रुळांखालून दहिसरच्या बाजूला निघते. या सगळ्या टप्प्यात तिच्या काठाने सलग पायवाट नाही. पुलावर उभे राहिले की ती दिसते, पुढच्या वळणावर इमारतींच्या मागे गडप होते. गोठ्यांचे शेण, सांडपाणी आणि कपडे धुण्याचे साबणपाणी तिच्यात वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाला म्हणून दुर्लक्षिलेल्या दहिसरसारख्या नद्या घराघरांत शिरल्या. त्यानंतर पात्र रुंद करणे आणि दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या संरक्षक भिंती बांधणे यांवर भर राहिला. पुराच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण उंच भिंतीमुळे काठावर राहणाऱ्यालाही नदी दिसेनाशी झाली, आणि जी दिसत नाही तिच्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी ‘रिव्हर मार्च’ या नावाने नागरिकांनी चळवळ उभारली, तेव्हा त्यांचे पहिले काम लोकांना हा नाला नसून नदी आहे हे पटवण्याचेच होते.

रूळ ओलांडून पश्चिमेला आले की मंडपेश्वर. आज हे लेणे नदीपासून दूर आहे. पूर्वी नदी त्याच्या लगत वाहत असे आणि नंतर तिने पात्र बदलले, असे सांगतात. साधारण सहाव्या ते आठव्या शतकातले हे शैव लेणे. नटराजाचा मोठा पट्ट इथे आहे, झिजलेला, पण अंगाची लय अजून ओळखू येते. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचे चर्च केले आणि टेकडीवर मठ व विद्यालय बांधले. एका बाजूच्या भिंतीवरचे शिल्प तासून तिथे भलामोठा क्रूस कोरलेला आहे. त्याच्या कडांना मूळ आकृत्यांचे उरलेसुरले अवयव दिसतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीजांचा इथला अंमल संपला; १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. आज गाभाऱ्यात शिवलिंगाची पूजा होते, महाशिवरात्रीला रांग लागते, माथ्यावर चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि परिसराला आयसी कॉलनी हे नाव इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून मिळाले आहे. यातला एकच थर खरा आणि बाकीचे उपरे, असे ठरवू पाहणाऱ्याला मंडपेश्वर समजत नाही.

इथून दक्षिणेला अर्ध्या तासाच्या चालीवर एक्सर. नदीची वाट थोडी सोडावी लागते, पण वळसा वसूल होतो. वस्तीतल्या गल्लीत माणसाहून उंच वीरगळ ओळीने उभे आहेत. खालच्या पट्टीत लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवपूजा, माथ्यावर कलश अशी मांडणी. वेगळेपण असे, की काही दगडांवरची लढाई समुद्रावरची आहे. नावांची रांग, वल्ह्यांची ओळ, एकमेकांवर तुटून पडणारी माणसे हे सगळे हातभर उंचीच्या पट्टीत बसवले आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. कालाबद्दल एकमत नाही. देशात जहाजांच्या लढाईची अशी शिल्पे दुर्मीळ आहेत, आणि इथे मात्र त्यांच्या शेजारून दुचाकी जातात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने कांदरपाडा, मंडपेश्वर, एक्सर ही नावे स्थानकांना दिली, त्यामुळे ती निदान रोज ध्वनिक्षेपकावर ऐकू येतात.

नदी स्वतः कांदरपाडा आणि दहिसर गावठाणाजवळून तिवरांत शिरते. भरतीला खाडीचे पाणी आत येते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यात बगळे उतरतात. गोराईच्या बाजूला जायचे तर बोरिवलीच्या जेट्टीवरून बोट घ्यावी लागते. पलीकडे २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा आहे; खांबाशिवाय उभ्या असलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली ८,००० माणसे बसू शकतात. त्यापुढे गोराई, मनोरीची कोळी आणि ईस्ट इंडियन गावे आहेत. तीही पायीच पाहण्याजोगी असली तरी त्यांना वेगळा दिवस द्यावा. कान्हेरी आणि एक्सर एकाच दिवशी साधायचे असेल तर पहाटे निघावे, डोक्यावर ऊन येण्याआधी लेण्यांतून खाली उतरावे आणि मंडपेश्वर संध्याकाळी पाहावे.